धरणारे हात

नागपूरच्या सेमिनरी हिल्स भागात पशुवैद्यक महाविद्यालय आहे. १९५८ साली सुरू झालेलं, आणि २०००पासून महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठात असलेलं. त्याचं रुग्णालय जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘ढोरांचा दवाखाना’च आहे. सकाळी इथे केसपेपरसाठी रांग लागते. स्कूटरवर पायांपाशी बसवून आणलेला लॅब्राडोर, ऑटोतून उतरलेली शेळी, भाजीच्या मोठ्या पिशवीतून डोकं बाहेर काढणारं मांजर, आणि त्यांच्यासोबत रात्रभर जागलेली माणसं. बंगल्यातून आलेली असोत की वाडीतून, डॉक्टरांपुढे सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं, “डॉक्टरसाहेब, खातच नाही जी.”

या तीन शब्दांत घरातली सगळी काळजी येते. डॉक्टर विचारत जातात. कधीपासून? पाणी पितो का? शेण कसं आहे? लस दिली होती का? धनी आठवून आठवून सांगतो. त्याचं सांगणं संपलं की जनावराची पाळी येते, आणि तिथून पुढचं सगळं हातांवर असतं.

मला या दवाखान्यांत सगळ्यात आधी दिसतो तो धरणारा माणूस. पाटीवर त्याचं नाव नसतं. कुठे तो परिचर असतो, कुठे इंटर्नशिप करणारी मुलगी, कुठे नुसता ‘मामा’. स्टीलच्या टेबलावर कुत्र्याचे पाय घसरतात आणि ते आणखी घाबरतं. मामा एक हात त्याच्या मानेखालून घेतो, दुसऱ्या हाताने त्याला आपल्या छातीशी टेकवतो आणि त्याच्या कानाशी काहीबाही बोलत राहतो. डॉक्टर ओठ वर करून हिरडी अंगठ्याने दाबतात. ती पांढरी पडते. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली तर रक्त नीट फिरतंय. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती सावकाश खाली बसली तर अंगातलं पाणी आटलंय. थर्मामीटर १०२ दाखवतो आणि मालकाचा चेहरा उतरतो. “कुत्र्याला एवढं असतंच,” असं ऐकल्यावर त्याच्या जिवात जीव येतो.

मग सलाईन. मामाचा अंगठा कुत्र्याच्या कोपराशी दाबला जातो, किंचित बाहेर वळतो, आणि केस कापलेल्या जागी शीर फुगून वर येते. सुई आत जाते, नळीत रक्ताचा ठिपका दिसतो, डॉक्टर मान हलवतात, अंगठा सुटतो. सलाईन चालू. शीर सापडली ती डॉक्टरांच्या नजरेला, पण ती दाखवली मामाच्या अंगठ्याने. पकड घट्ट झाली तर जनावर बिथरतं, सैल राहिली तर चावतं. या दोहोंमधलं माप पुस्तकात लिहिता येत नाही. ते वर्षानुवर्षं जनावरांच्या अंगाला हात लावूनच येतं.

हे माप विदर्भातल्या शेतकऱ्याला परकं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. चोळणाऱ्याच्या तळव्याला गाठ लागते, सूज कळते, दुखरी जागा कुठे ते समजतं. सण आहेच, पण वर्षातून एकदा होणारी ती तपासणीही आहे. तोच शेतकरी गाय घेऊन दवाखान्यात येतो तेव्हा खोड्यात उभ्या गाईच्या कपाळावरचा त्याचा हात निघत नाही. शहरातल्या गाईंच्या पोटात प्लास्टिक साठतं, तेव्हा जागा बधिर करून, उभ्या गाईची डावी कूस उघडून, कोठीपोटातून पिशव्यांचे लगदे काढावे लागतात. त्या पिशव्यांना आपण शिळं अन्न घालून मारलेल्या गाठी तशाच असतात.

नागपूरचा उन्हाळा दवाखान्याची परीक्षा पाहतो. पारा ४५च्या पुढे गेला की धापा टाकणारी कुत्री येतात. अंग पाण्याने भिजवायचं, पंख्याखाली ठेवायचं, लगेच थंड करायला लागायचं. पार्व्हो विषाणूची लागण झालेलं पिल्लू आलं की सगळ्यांचे चेहरे गंभीर होतात. तो विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतो, म्हणून ब्लीचने फरशी पुसणारी बाईसुद्धा पुढच्या पिल्लाचा जीव वाचवत असते. संक्रांतीला पतंगांचं हे शहर आभाळ भरून टाकतं, आणि मांजाने पंख चिरलेले पक्षी येऊ लागतात. सेमिनरी हिल्सवरच वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, २०१५ साली सुरू झालेलं. जखमी वन्यजीवांना तिथे उपचार मिळतात. घारीला धरायचं तर आधी डोळ्यांवर कापड टाकतात. अंधार झाला की तिची भीती उतरते.

आणि ज्याला धरताच येत नाही, तो? ‘साहेबराव’ वाघ २०१२ मध्ये ताडोबाच्या परिसरात शिकाऱ्यांच्या सापळ्यात सापडला आणि त्याने पुढच्या पायाचा पंजा गमावला. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात त्याला लंगडताना पाहून इथलेच अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सुश्रुत बाभूळकर यांनी त्याला दत्तक घेतलं. पशुवैद्यकांच्या सोबतीने त्याच्यावर उपचार झाले आणि जानेवारी २०२० मध्ये भूल देऊन त्याला कृत्रिम पंजा बसवला गेला. वाघ शुद्धीवर आला आणि त्याने तो काढून टाकला. काहींनी याला अपयश म्हटलं. मला तसं वाटत नाही. माणसाच्या लोखंडाने तोडलेला पाय माणसाच्याच हातांनी परत द्यायचा प्रयत्न या शहरात झाला, हे मला मोलाचं वाटतं.

सगळेच वाचत नाहीत. किडन्या गेलेलं म्हातारं कुत्रं येतं आणि डॉक्टर मालकाला बाजूला बोलावून हळू आवाजात बोलतात. तेव्हाही मामा कुत्र्याला धरून असतो, फक्त पकड सैल झालेली असते, आणि तो मालकाला म्हणतो, “तुम्ही धरा जी आता.” दिवसाकाठी असं सोसून पुढच्या केसपेपरला तोच मऊ हात लावणं, हे या माणसांचं खरं कौशल्य आहे. औषधं बाजारात मिळतात, हे मिळत नाही.

म्हणून आपल्यासाठी थोडं. खाणं सुटलं की तीन दिवस वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या. घरातली पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका, एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. पिल्लाच्या लसी आणि रेबीजची दरवर्षीची लस चुकवू नका. कुत्रं चावलंच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि तडक माणसांचा दवाखाना गाठा. शिळं अन्न पिशवीत बांधून फेकू नका, नायलॉन मांजा विकत घेऊ नका. आणि टेबलाशी उभे असाल तेव्हा मोबाइल खिशात ठेवून आपल्या जनावराला स्वतः धरा. डॉक्टरांचे आभार तर मानाच. निघताना धरणाऱ्या माणसाचं नाव विचारा, आणि पुढच्या वेळी त्याला नावाने हाक मारा.