सहा खुंट्या आणि एक ड्रिल : जुन्या स्टील गिटारची गोष्ट

१/ जुन्या वाद्याच्या दुरुस्तीत पहिला बळी जातो तो खुंट्यांचा. लाकूड चिरले तर कारागीर हळहळतो. पिकअप मुका झाला तर त्याची तार पुन्हा गुंडाळून घेतात. खुंटी मात्र गंजली की थेट कचऱ्यात. स्टील गिटारच्या नशिबी हे फार वेळा आले. या धाग्यात पाहायचे आहे ते एवढेच, की त्या कचऱ्याबरोबर काय जाते आणि ते जाऊ न देता खुंट्या कशा बदलाव्यात.

२/ आधी वाद्याची ओळख. स्टील गिटार मांडीवर किंवा घोडीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवतात. तिचा जन्म हवाई बेटांवरचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तरुणाने ही पद्धत घडवली असे बहुतेक मानतात. (भारतातून तेथे पोहोचलेल्या गॅब्रिएल डेव्हियन याचे नावही काही जण पुढे करतात. हा वाद मिटण्यासारखा नाही.) १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतील पनामा-पॅसिफिक प्रदर्शनाने अमेरिकेला हवाईयन संगीताचे वेड लावले.

३/ १९३२ साली बाजारात आलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारांची पूर्वजच, तीही मांडीवरची स्टील गिटार होती. अंग ओतीव अॅल्युमिनियमचे. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि सूर हले. सुराची चिंता या वाद्याला पहिल्यापासून चिकटलेली आहे.

४/ ती का, हे समजून घेण्यासारखे आहे. स्टील गिटारच्या तारा मोकळ्या वाजवल्या तरी एक पूर्ण स्वरसंवाद निघावा अशा लावलेल्या असतात. कांडी त्या सगळ्यांवर एकदम, सरळ टेकते. एकच तार किंचित उतरली असेल, तर तेवढ्या तारेला सावरून घेण्यासाठी वादकाकडे मोकळे बोट नसते. कांडी जिथे जाईल तिथे तो बेसूर तिच्यासोबत जातो. म्हणून येथे खुंटी पक्की हवी.

५/ सतारीची किंवा तंबोऱ्याची खुंटी लाकडावर लाकूड घासून, घर्षणाने थांबते. गिटारची यंत्रखुंटी वेगळ्या तत्त्वावर चालते. बटण फिरवले की मळसूत्र फिरते, मळसूत्र दातेरी चाकाला ढकलते आणि चाकाबरोबर तार गुंडाळलेला दांडा वळतो. जुन्या खुंट्यांत बटणाचे साधारण १२ ते १५ फेरे झाले की दांड्याचा एक फेरा होतो. उलट दिशेने मात्र तार कितीही ओढली, तरी चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. सहा तारांचा मिळून ६० किलोंहून अधिक ताण या एकतर्फी मैत्रीवर पेललेला असतो.

६/ व्हिएन्नाचा योहान गेओर्ग श्टाउफर १८२० च्या दशकात अशा खुंट्या गिटारीला बसवत होता. त्याच्याकडे काम केलेला मार्टिन १८३३ मध्ये अमेरिकेस गेला. मार्टिन गिटार ती हीच. विसाव्या शतकात शिकागोच्या क्लूसन कंपनीने, स्थापना १९२५, स्वस्त आणि टिकाऊ खुंट्यांचा सपाटा लावला. गिब्सन आणि फेंडर, दोघांच्याही स्टील गिटारींवर त्या दिसतात.

७/ आता इतिहासाचा मुद्दा. गिटारच्या अंगावरचा क्रमांक खोडता येतो, नामपट्टी बदलता येते. खुंटीकडे मात्र लबाडी करणाऱ्याचेही सहसा लक्ष जात नाही. क्लूसनच्या पत्र्याच्या कवचावर काहीच अक्षरे नसणे, नाव एका उभ्या ओळीत असणे किंवा दोन ओळींत असणे, यावरून पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांतील वाद्ये जाणकार वेगळी ओळखतात. खुंटीखाली दडलेले, उजेड न लागलेले लॅकर तर मूळ रंगाची शेवटची साक्ष असते. लेण्यातल्या शिलालेखावर चुना फासावा, तशातलीच ही सहा खुंट्यांची अदलाबदल आहे.

८/ मग त्या बदलायच्याच कशाला? कारण पुष्कळदा त्या स्वतःच वाद्याला खाऊ लागतात. त्या काळची अनेक बटणे सेल्युलॉइडची असत. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज. राजा हरिश्चंद्राच्या काळातल्या चित्रफितीही त्याच द्रव्याच्या. ते वयोमानाने आकसते, भुरभुरते आणि त्यातून सुटणारे वायू दमट हवेत आम्ल बनून शेजारच्या धातूवर हिरवट बुरशीसारखा थर चढवतात. ते पेटतेही झटकन. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फितींचा साठा भस्मसात झाला, ते याच गुणामुळे.

९/ तरीही पहिला उपाय काढून टाकणे हा नव्हे. ताठरलेली खुंटी बहुधा मेलेली नसते. तिच्यातले जुने वंगण सुकून डिंक झालेले असते. पुसून, तेलाचा एक थेंब देऊन, आठवडाभर वाट पाहावी. केवळ बटण गेले असेल तर नवे बटण जुन्या दांडीवर बसवता येते. दाते झिजून चाक घसरत असेल, तेव्हा मात्र इलाज नाही.

१०/ काढताना घाई सर्वांत महाग पडते. तारा हळूहळू, आळीपाळीने सैल कराव्यात. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्यावा. गंजलेला स्क्रू आधी केसभर आवळावा आणि मग सोडवावा. गंजाची पकड तुटते. हट्टी स्क्रूला सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाचा चटका देण्याची रीत आहे, पण शेजारी सेल्युलॉइडचे बटण असेल तर हा प्रयोग करू नये. स्क्रूचे डोके तुटून आटे लाकडात राहिले, तर एका खुंटीचे काम दिवसभराचे होते.

११/ खरी जोखीम पुढे आहे. १९७० च्या दशकात जुन्या गिटारींवर नव्या, जाड दांड्याच्या बंद खुंट्या बसवण्याची लाट आली. त्यांना १० मिलिमीटरचे भोक लागे. मूळ भोक बहुधा पावणेनऊच्या आसपासचे. फरक दीड मिलिमीटरहूनही कमी, पण ड्रिल फिरले की ते लाकूड परत येत नाही. मूळ खुंट्या पुढे सापडल्या तरी त्या तिथे सैल बसतात. आधीच रुंदावलेल्या भोकांसाठी बाहेरून १० मिलिमीटरचे, आतून जुन्या मापाचे बुश मिळतात. ती मलमपट्टी झाली. मूळ कंपनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस बंद पडली, तरी ते नाव पुढे पुन्हा बाजारात आले आणि जुन्या मापाच्या खुंट्या आज विकत मिळतात. तेव्हा आता ड्रिल उचलण्याला सबब उरलेली नाही.

१२/ माप घेताना एका पट्टीवरच्या खुंट्यांत विशेष जपावे. दांड्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर अर्ध्या मिलिमीटरने चुकले, तरी तिसरा दांडा अडतो. स्क्रूचे भोक मोठे झाले असेल तर सरसात बुडवलेली लाकडाची बारीक काडी आत ठोकावी. नवे भोक पाडू नये.

१३/ येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. भारतात हे वाद्य रुजले ते फेरफारांनीच. टाऊ मो हा हवाईयन संगीतकार महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात होता. व्हॅन शिप्ले आणि हजारासिंग यांनी ही गिटार मुंबईच्या चित्रपटसंगीतात ऐकवली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग मांडले. १९६७ चे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ अनेक घरांत असेल. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेत तर चिकारीच्या आणि तरफेच्या तारा आहेत, आणि प्रत्येक तारेला खुंटी, म्हणजे प्रत्येकीसाठी भोक. शुद्धतेच्या कसोटीवर ही सारी मोडतोडच ठरते. पण ती भोके वाद्याला नवा आवाज देण्यासाठी पाडली गेली. असे वाद्य हाती आले तर तरफेच्या खुंट्या उपटून त्याला ‘मूळ रूपात’ आणणे हाच विध्वंस होईल. सत्तरीतल्या ड्रिलने कोणताही नवा राग दिला नाही, फक्त थोडी सोय दिली.

१४/ काढलेल्या खुंट्या, प्रत्येक स्क्रू आणि प्रत्येक बुश क्रमाने कागदात गुंडाळावेत. कोणती खुंटी कोणत्या तारेची होती, कधी आणि का काढली, हे शाईने लिहावे. पुडी गिटारच्या पेटीतच राहू द्यावी. मात्र चुरा होत असलेली सेल्युलॉइडची बटणे तीत ठेवू नयेत. त्यांचे छायाचित्र काढून त्यांना वेगळ्या, हवेशीर डबीत आणि वाद्यापासून दूर ठेवावे.