मांडवीकाठचे फिरंगी नगर

आमचे सारे आयुष्य भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी मुलांना संस्कृत शिकविण्यात गेले. युरोपातील एखादे समुद्रकाठचे शहर पाहावे, अशी हौस फार दिवस मनात होती. पण शाळामास्तरच्या पेन्शनीत लिस्बन कसचे परवडते! मात्र ज्याने गोवे पाहिले त्याला लिस्बन पाहण्याचे कारण नाही, अशी म्हण एके काळी खुद्द पोर्तुगीजांतच होती. ती प्रमाण मानून यंदा माघात आम्ही तिघे मित्र निघालो. एक आमचे वैद्यबुवा, दुसरे वकीलसाहेब. वरठीस गाडीत बसलो, मुंबईस गाडी बदलली आणि १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने करमळीस उतरलो. जुने गोवे तेथून अगदी जवळ.

निघण्यापूर्वीच वकीलसाहेबांनी एक अट घातली होती. त्यांचे मूळ घराणे गोमंतकातले, कुलदैवत मंगेश. पिढ्यान्‌पिढ्या कोणी तिकडे फिरकले नव्हते, आणि आईने अंतकाळी तेवढे एक मागणे मागितले होते. “मी मंगेशीस येईन; तुमची फिरंग्यांची देवळे तुम्ही पाहा,” असे त्यांनी बजाविले. त्यांचा राग अकारण नव्हता. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले, ते कायमचे बंद झाले १८१२ साली. त्याच १५६० साली मंगेशाची मूळ जागा कुशस्थळी सोडून भक्तांनी देव नदीपलीकडे, पोर्तुगीज अंमलाबाहेरच्या प्रियोळास नेला.

जुन्या गोव्यात पोहोचताच वकीलसाहेब एका झाडाखाली जे बसले ते उठेनात. आम्ही दोघे पुढे गेलो. १५१० साली आल्बुकर्कने हे शहर घेतले आणि पाहता पाहता ते पूर्वेकडील रोम म्हणून गाजू लागले. सांत कातारीनाचे ‘से’ कॅथेड्रल एवढे प्रशस्त, की आत बोललेला शब्द छतापर्यंत पोहोचतो की नाही अशी शंका यावी. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला. राहिलेल्या एकात थोरली घंटा आहे. रस्त्यापलीकडे बॉं जेझुस. हे चर्च १६०५ सालचे. त्याच्या जांभ्या दगडावर आज गिलावा नाही. त्यामुळे इमारत आपल्या कोकणातल्या मातीतूनच उगवल्यासारखी दिसते. आत चांदीच्या पेटीत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत.

पण ह्या चर्चांभोवतीचे नगर कोठे आहे? रोगराईने माणसे गेली. १७५९ साली व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड पणजीस हलविले, आणि १८४३ साली राजधानीचा मानही पणजीस गेला. आता येथे चर्चे, हिरवळ आणि नारळी. सेंट ऑगस्टिनचे छप्पर १८४२ साली पडले, दर्शनी भिंत १९३१ साली. त्याचा सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा अर्धा तेवढा उभा आहे. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

त्या भग्न मनोऱ्यापाशी मात्र वकीलसाहेब आले. छप्पर नाही, तेव्हा आत शिरल्याचे पाप नाही, असा त्यांचा युक्तिवाद! वैद्यबुवा म्हणाले, “आपली पवनी तरी दुसरे काय? मोठी नगरी, कोट, खंदक. आणि १९६९-७० साली जगन्नाथ टेकडी खणली तेव्हा खाली बौद्धांचा स्तूप!”

“पवनीने माझा देव हाकलला नव्हता,” वकीलसाहेब उत्तरले.

आम्ही आमचा मास्तरी दाखला काढला. फादर स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला, येथली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ त्याने मराठीत रचले. ते १६१६ साली राशोलास रोमी लिपीत छापले गेले. त्यात त्याने मराठीस रत्नाची उपमा दिली आहे.

“मास्तर, ज्याला आपले घर घ्यावयाचे असते तोही आधी किल्लीची स्तुती करतो,” वकीलसाहेब म्हणाले. आम्हांस उत्तर सुचले नाही; खरे सांगावयाचे तर आजही पुरतेसे सुचलेले नाही.

सायंकाळी मंगेशीस गेलो. तळे, शुभ्र दीपमाळ, दिवे लागण्याची वेळ. वकीलसाहेबांनी आईच्या नावे अभिषेक सांगितला, डोळे पुसले. मग अंगणात उभे राहून ते बराच वेळ वर पाहत होते. आपल्याकडच्यासारखे शिखर तेथे नाही. अष्टकोनी बैठकीवर घुमट आहे. कमानीच्या खिडक्या, नक्षीचे कठडे, सभामंडपात झुंबरे. सकाळी से कॅथेड्रल पाहून आलेल्या आम्हांस ती कमान नवी नव्हती. आम्ही गप्प राहिलो.

“मास्तर,” ते हळूच म्हणाले, “त्यांच्या धाकाने देव इकडे आणला, आणि त्याचे घर बांधताना मात्र त्यांचीच कमान घेतली. आमच्या पूर्वजांनी वैर आणि विद्या ही वेगवेगळ्या खात्यांत लिहिलेली दिसतात.”

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला अवकाश होता. वकीलसाहेब आपण होऊन बॉं जेझुसच्या दाराशी गेले. तेथे पायताण काढण्याचा नियम नाही. तरी त्यांनी ते काढून बाजूस ठेविले आणि आत गेले. हात जोडले नाहीत. मान वर करून वेदीवरचे सोनेरी लाकूडकाम नीट पाहिले, आणि बाहेर आले.

गाडीत त्यांनी आमच्याजवळ ‘क्रिस्तपुराण’ वाचावयास मागितले. मतभेद कायम आहे. पुस्तक मात्र सध्या त्यांच्या घरी आहे.