लायसिनची नळी

माझा एक शोधनिबंध छापून आला नाही, याचं मला आता बरं वाटतं. विषय होता सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णात सापडलेला, कोलिस्टिनला दाद न देणारा स्यूडोमोनास. 2015 च्या नोव्हेंबरात चीनमधून कोलिस्टिन निकामी करणाऱ्या एमसीआर-1 या जनुकाची बातमी आली आणि आम्हा सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांची झोप उडाली. त्यात थोडी भीती होती, बरीचशी हाव होती. शेवटच्या फळीतलं औषध निकामी करणारा जंतू आपल्याही प्लेटवर उगवावा, असं अर्थात कोणी बोलून दाखवत नसे.

माझ्या प्लेटवर तो उगवला. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा. क्षयाची औषधं आधी घेऊन झालेली. आपल्याकडे सिस्टिक फायब्रोसिसच्या बऱ्याच मुलांची वाट क्षयाच्या गोळ्यांवरूनच जाते. घामातलं क्लोराइड 60 च्या वर आहे हे कळेपर्यंत त्याच्या श्वासनलिका रुंदावून चिकट कफाने भरल्या होत्या. थुंकीतून वाढलेल्या वसाहती गुळगुळीत, फिकट पिवळसर होत्या. स्यूडोमोनासची ती ओळखीची हिरवी झाक कुठेच नव्हती. आमच्या टेक्निशियन बाई म्हणाल्या, "सर, ऑक्सिडेजही फार उशिरा आलं. लायसिन लावून बघू का?"

मी नको म्हटलं. या आजाराच्या फुफ्फुसात वर्षानुवर्षं मुक्काम केलेला स्यूडोमोनास रंग गमावू शकतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते खरंही आहे. एखाद्या नवशिक्याला त्या प्लेटची शंका आली असती; माझ्याकडे प्रत्येक शंकेला संदर्भासकट उत्तर होतं.

रजिस्टरमध्ये 'स्यूडोमोनास' लिहिलं गेलं, आणि पुढचं सगळं त्यावरून ठरलं. डिस्क स्यूडोमोनासच्या लागल्या. त्या यादीत को-ट्रायमॉक्साझोल नसतं, कारण स्यूडोमोनासवर ते चालतच नाही. कोलिस्टिनच्या डिस्कला खेटून जंतू दाट वाढला. ती डिस्क भरवशाची नाही हे माहीत होतं, म्हणून ब्रॉथमध्ये तपासलं. पार शेवटपर्यंत गढूळ. मी खूश. वॉर्डात पिपरॅसिलिन चालू असूनही मुलाचा ताप हटत नव्हता, आणि मी त्याच्या जंतूत एमसीआर शोधत पीसीआरवर पीसीआर चालवत होतो. उत्तर दर वेळी निगेटिव्ह. म्हणजे प्रतिरोधाची काहीतरी नवीनच यंत्रणा असणार, असं मी परिषदेच्या सारांशात लिहूनही टाकलं. सारांश स्वीकारला गेला, हे आणखी वाईट झालं.

जनुकक्रम वाचायला जंतू दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला होता. तिथून दोन ओळींचं उत्तर आलं: हा बर्कहोल्डेरिया सेपेशिया गटातला आहे. कोलिस्टिनला तो मुळातच दाद देत नाही, आपणास कल्पना असेलच.

होती ना! एमडीच्या मुलांना मी दर वर्षी हाच जंतू शिकवायचो. 1950 मध्ये वॉल्टर बर्कहोल्डर यांनी अमेरिकेत कांदा सडवणारा जंतू म्हणून त्याचं वर्णन केलं. पुढे तो सिस्टिक फायब्रोसिसच्या फुफ्फुसांत सापडू लागला. एडिंबरा आणि टोरांटोत आढळलेला त्याचा एक वाण नुसत्या सहवासाने रुग्णाकडून रुग्णाकडे जातो हे 1990 च्या दशकात स्पष्ट झालं, आणि या मुलांची उन्हाळी शिबिरं बंद पडली. एकमेकांचं दुखणं ज्यांना कळायचं, त्याच पोरांना एकमेकांपासून तोडावं लागलं. हा भाग मी रंगवून सांगायचो. पण माझ्या लेखी तो तिकडचा, स्लाइडवरचा जंतू होता. मी मूळचा नाशिक जिल्ह्यातला. कांद्याचा जंतू निदान मी तरी ओळखायला हवा होता.

बाईंनी राखून ठेवलेल्या जंतूवर लायसिन लावलं. तेलाच्या थराखाली नळी गर्द जांभळी झाली. स्यूडोमोनासने ती तशी होत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. नळी माझ्या टेबलावर ठेवून पुढच्या कामाला लागल्या. को-ट्रायमॉक्साझोलच्या डिस्कभोवती स्वच्छ, रुंद रिंगण आलं होतं. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी गोळी.

औषधं बदलली, ताप उतरला. फुफ्फुसाची गेलेली क्षमता मात्र परत आली नाही. शेजारच्या खाटेवर याच आजाराची एक मुलगी होती. तिच्या थुंकीतही नंतर तोच जंतू निघाला. कोणाकडून कोणाकडे गेला, हे आता ठरवता येत नाही. पहिल्याच दिवशी नाव बरोबर लिहिलं असतं तर त्या दोन खाटा शेजारी राहिल्या नसत्या, एवढं नक्की.

सारांश मी मागे घेतला, कारण 'तांत्रिक अडचण' असं कळवलं. मुलाच्या वडिलांना म्हटलं, "जंतू बदललाय, म्हणून औषध बदलतोय." ते बाजार समितीत कारकून. त्यांनी फाइलमधले दोन्ही रिपोर्ट काढून शेजारी शेजारी ठेवले. "साहेब, नमुना क्रमांक एकच आहे. थुंकी दिल्याची तारीखही तीच."

मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी विचारलं, पोराला इथे वेगळी खोली मिळेल का? वेगळी खोली आमच्याकडे नव्हती. ओपीडीत त्याला सगळ्यात शेवटचा नंबर द्यायचा आणि तोवर बाहेर आवारात थांबायचं, असं ठरलं.