दोन हात

मुष्टियुद्धाचे चित्रपट पाहण्याची मला भारी हौस. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत थोरल्या चुलतभावाने मोबाईलवर असाच एक इंग्रजी चित्रपट दाखविला. २००२ साली वॉल्टर हिल यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटाचे नाव ‘अनडिस्प्युटेड’, म्हणजेच ‘निर्विवाद’.

वाळवंटातील एक तुरुंग. खुनाची शिक्षा भोगणारा मन्रो हचेन तेथे दहा वर्षे मुष्टियुद्धात अजिंक्य राहिलेला. एकांतकोठडीत बसून तो काड्या जोडून सुबक इमारती घडवितो. अशात जगज्जेता मुष्टियोद्धा ‘आइसमन’ चेम्बर्स गुन्हेगार म्हणून तेथेच येतो. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? अखेर पिंजऱ्यात दोघे दोन हात करतात आणि हचेन जिंकतो. पुढे सुटका झालेला चेम्बर्स मात्र अशी लढत झालीच नाही म्हणतो. खरा विजेता कोण, हे फक्त तुरुंगालाच ठाऊक!

भाऊ आनंदाने टाळ्या पिटीत होता. मी मात्र मान खाली घालून बसलो. माझी गोष्ट नेमकी उलटी होती. माझा विजय साऱ्या गावाला ठाऊक होता. तो खरा नव्हता, हे फक्त मला ठाऊक होते.

आमच्या जनवाड्याच्या बाजूला जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. गेल्या श्रावणात माझी नारळाची कुस्ती लागली, ती माझ्याच वर्गातील सोबत्याशी. हलगी कडाडत होती. तो मला चीत करणार, एवढ्यात मी त्याची बोटे धरून उलटी पिरगळली. बोटे मोडणे कुस्तीत वर्ज्य. पण पंच दुसऱ्या बाजूला उभे होते. त्याची पकड सुटली आणि मी त्याला अस्मान दाखविले. लोकांनी मला खांद्यावर घेतले. आईने त्या नारळाच्या वड्या केल्या. मला एकही गोड लागली नाही. सोबत्याचा उजवा हात कित्येक दिवस फडक्यात बांधलेला होता. चाचणीच्या वेळी तो नुसता बसून राहिला. त्याने कोणापाशी चकार शब्द काढला नाही, आणि मीही नाही.

माझा उतरलेला चेहरा पाहून आजोबा म्हणाले, “अरे, तुरुंगाचाच चित्रपट पाहायचा, तर आमच्या शांतारामबापूंचा पाहा.” दुसऱ्या दिवशी आम्ही सर्वांनी मिळून ‘दो आँखें बारह हाथ’ पाहिला. १९५७ सालच्या या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांची. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतीवाचून तुरुंग उभारला होता. त्या प्रयोगावरून ती सुचलेली. पुढे १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

आदिनाथ नावाचा जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड माळ पिकवितो. ते बाजारात स्वस्त भाजी विकू लागताच व्यापाऱ्याचे गुंड त्यांच्यावर तुटून पडतात. खून केलेले ते बारा हात! पण आदिनाथला दिलेल्या शब्दासाठी त्यांतील एकही उगारला जात नाही. रक्तबंबाळ होऊन ते परततात. त्या हातांकडे पाहताना मला फडक्यात बांधलेला तो एकच हात दिसू लागला. पंचांनी पाहिले नव्हते. पण दोन डोळ्यांनी पाहिले होते, आणि ते माझेच होते.

रात्रभर झोप आली नाही. पहाटे तालमीत गेलो. सोबती एकटाच आखाड्याची माती उकरीत होता. वस्ताद कोपऱ्यात बसले होते. दोघांच्या देखत मी सारे सांगून टाकले. वस्ताद काहीच बोलले नाहीत. सोबत्याने खोरे थांबविले आणि तो म्हणाला, “मला तेव्हाच कळलं होतं. तू कधी सांगतोस, याचीच वाट बघत होतो.” मग त्याने दुसरे खोरे माझ्याकडे सरकविले. त्या दिवशी सारी माती आम्ही दोघांनी मिळून उकरली.

येत्या श्रावणात आमची कुस्ती पुन्हा लागणार आहे. कोण जिंकेल हे आज सांगता येत नाही. जो निकाल लागेल, तो मात्र निर्विवाद असेल.