माँटगोमेरीची बस आणि एक शब्द

मागच्या वर्षी अलाबामातल्या माँटगोमेरी शहराच्या बसकंपनीवरचा एक लेख मी मराठीत करत होते. शहर लहान, पण १८८६ सालीच तिथे विजेच्या ट्राम धावू लागल्या होत्या. लोक त्या मार्गाला ‘लाइटनिंग रूट’ म्हणत. १९०० मध्ये ट्राममध्ये गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या जागा वेगळ्या करणारा नियम आला, तेव्हा कृष्णवर्णीयांनी ट्राम सोडून पायी चालायला सुरुवात केली. १९३६ मध्ये ट्राम गेल्या, बस आल्या. जागा वेगळ्याच राहिल्या.

कृष्णवर्णीय माणसाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचं. कधी तेवढ्यात बस निघूनही जाई. पुढच्या दहा जागा रिकाम्या असल्या तरी त्याला तिथे बसता येत नसे. आणि प्रवाशांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीयच! कंपनी चालत होती ती त्यांच्याच दहा-दहा सेंटांवर. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स जागेवरून उठल्या नाहीत. ५ डिसेंबरपासून ३८१ दिवस या लोकांनी बसमध्ये पाय ठेवला नाही.

‘बॉयकॉट’ला मी सवयीने ‘बहिष्कार’ लिहिलं आणि अडले. आपल्याकडे बहिष्कार गाव टाकतं आणि एखादं घर सोसतं. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिलं, ते सोसणाऱ्यांच्या बाजूने. माँटगोमेरीत ज्यांना मागे बसवलं होतं, त्यांनीच तो टाकला होता. ‘असहकार’ लिहून पाहिलं. फार सौम्य वाटलं.

आईला फोन केला. ती म्हणाली, “बहिष्कारच की. तुझ्या पणजोबांनी गावातल्या एका घरावर टाकायला लावला होता.” विहीर, दुकान, न्हावी, सगळं बंद.

“किती दिवस?”

“ते लोक गाव सोडून गेले तोवर.”

“कुठे गेले?”

आई थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “हे आपल्या घरात कुणी विचारलं नव्हतं गं.”

डिसेंबर १९५६ मध्ये न्यायालयाचा आदेश माँटगोमेरीत पोचला आणि लोक पुन्हा बसमध्ये चढले, हव्या त्या जागी बसले. लेखात मी ‘बहिष्कार’ हाच शब्द ठेवला. संपादकांनी कारण विचारलं, तेव्हा आईचा फोन सांगितला नाही. इथे सांगते आहे.