फादरांची बदली

२०२४ च्या जून महिन्यात आमच्या फादरांची बदली झाली. तेव्हा त्यांचं वय ८२. बातमी त्यांनीच फोनवर सांगितली, तीही बोलता बोलता. "बाई, लालबागला पाऊस पडतोय का? आणि हो, माझी बदली झाली." मी गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं.

वाचणाऱ्यांपैकी नातेवाइकांना फादर माहीत आहेत. आमच्या गणपतीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मोजून चार मोदक खाणारे उंच गृहस्थ, तेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. फादर जेझुइट आहेत, म्हणजे येशूसंघाचे. मूळ मंगळूरकडचे, घरची भाषा कोंकणी. तरुणपणी तलासरीला वारली मुलांमध्ये काही वर्षं राहिले, तिथे मराठी शिकले. पुढे मुंबईत शाळेत मराठी शिकवत. १९८९ साली दहावीचे पेपर तपासताना माझ्या शेजारी बसले होते. एका मुलाच्या निबंधाला मी दिलेले गुण त्यांना कमी वाटले. त्यावरून जो वाद सुरू झाला तो पुढे पस्तीस वर्षं चालला. आमचे हे होते तोपर्यंत तेही त्यात असायचे. हे गिरणीच्या टाइम ऑफिसातले, पक्के लाल बावटेवाले. देव या विषयावर दोघांची खडाजंगी व्हायची आणि शेवटी दोघं मिळून माझ्या चहाला नावं ठेवायची.

तर बदली. त्यांच्याकडे याला 'स्टेटस' म्हणतात. (व्हॉट्सअॅपवरचं नव्हे!) येशूसंघाचे जगभर प्रांत आहेत, त्यातला एक मुंबईचा. प्रत्येक प्रांताचे एक प्रमुख असतात, प्रोव्हिन्शियल. ते वर्षातून एकदा प्रत्येक घरी जातात, तिथल्या एकेका माणसाला वेगळं भेटतात आणि त्यानं मनातलं सगळं त्यांच्यापुढे मोकळं करायचं असतं. काम कसं चाललंय, तब्येत कशी आहे, कुणाशी पटत नाही, प्रार्थनेत मन लागतं का, सगळं. मग उन्हाळ्याच्या सुमारास यादी निघते. कोण कुठल्या शाळेत, कोण तलासरीला, कोण नाशिककडे. ज्याचं नाव यादीत, त्यानं बॅग भरायची.

फादरांचं नाव यादीत होतं. दक्षिण मुंबईतल्या ज्या घरात ते एकवीस वर्षं राहिले, जिथे निवृत्तीनंतरही आसपासच्या मुलांच्या शिकवण्या घेत होते, तिथून उपनगरात, म्हाताऱ्या आणि आजारी फादरांसाठी असलेल्या घरात.

मी चिडले. ८२ वर्षांच्या माणसाला हलवतात का कुणी? तुम्ही नाही म्हणून सांगा, म्हटलं. ते हसले. म्हणाले, "बाई, मला जानेवारीत विचारलं होतं. तासभर बसलो होतो आम्ही. गुडघे काय म्हणतात ते मीच सांगितलं."

"पण जायचं होतं का तुम्हाला?"

"तो प्रश्न वेगळा."

आज्ञापालनाचं हे व्रत मला कधीच पचलं नाही, आजही पचत नाही. दारिद्र्य समजू शकते, आमच्या चाळीत ते व्रत न घेताही पाळलं जात होतं. ब्रह्मचर्य ज्याचं त्यानं बघावं. पण दुसऱ्यानं 'जा' म्हटलं की जायचं? तरी एक गोष्ट कबूल करते. मी नोकरीत असताना माझी एकदा बदली झाली होती. शिपायानं टाइप केलेला कागद आणून दिला. तासभर सोडा, पाच मिनिटंसुद्धा माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

सामान आवरायला मदत करू म्हणून मी गेले. आवरायला काही नव्हतंच. दोन बॅगा, एक छत्री, औषधांचा डबा. कपाटात मला 'ख्रिस्तपुराण' दिसलं. शांताराम बंडेलूंनी संपादित केलेली १९५६ ची देवनागरी आवृत्ती. बी. ए. ला असताना घेतलेली माझी प्रत. फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांचं हे पुराण रचलं. १६१६ साली ते रोमन लिपीत छापलं गेलं. त्या पहिल्या छापील आवृत्तीची आज एकही प्रत कुठे सापडत नाही. एका जेझुइटानं लिहिलेलं पुस्तक दुसऱ्या जेझुइटाकडे असावं म्हणून मी ते फादरांच्या साठाव्या वाढदिवसाला दिलं होतं. उघडून पाहते तर आत घरच्या लायब्ररीचा शिक्का!

"हे मी तुम्हाला दिलं होतं. संस्थेला नाही."

"आमच्यात असं वेगळं नसतं, बाई. पगारसुद्धा सगळा घरात जायचा, आता पेन्शन जातं."

"मग मागून घ्या."

त्यांनी मागितलं नाही. पुस्तक कपाटातच राहिलं. मी दादरपर्यंत त्यांच्याबरोबर टॅक्सीत होते, पण त्यांच्याशी बोलले नाही.

३१ जुलैला त्यांच्याकडे मोठा सण असतो. संघाचे संस्थापक संत इग्नेशियस १५५६ साली याच दिवशी गेले. मूळचे ते शिपाईगडी. १५२१ मध्ये पांपलोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या आयुष्याची दिशा बदलली. या दिवशी फादर मला दर वर्षी जेवायला बोलवत. या वेळीही बोलावलं. राग धरून मी गेले नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. दुसऱ्या दिवशी लोकमान्यांची पुण्यतिथी, तेव्हा मात्र गिरगाव चौपाटीला पुतळ्याच्या दर्शनाला गेले. गुडघा तिथे चालला.

सप्टेंबरात ७ तारखेला गणपती आले, ८ ला त्यांच्या मारिया मातेचा जन्मदिन. एरवी फादर दुसऱ्या दिवशी आमच्याकडे यायचे. लालबागच्या त्या गर्दीतून, रांगेतल्या माणसांना 'एक्सक्यूज मी' म्हणत. त्या वर्षी आले नाहीत. खुर्ची रिकामी होती. मोदक एकवीसच केले होते, तरी चार उरले.

मग मीच गेले. चिंचपोकळीहून दादर, तिथे पूल चढून पश्चिम रेल्वे. पूल आता माझ्यानं एका दमात चढवत नाही. घर चांगलं आहे, झाडं आहेत, व्हरांडा आहे. व्हरांड्यात ओळीनं म्हातारे बसलेले. कुणी कॉलेजात शिकवलेलं, कुणी डोंगरात तीस-चाळीस वर्षं काढलेली. एक जण अगदी गप्प. ते नव्वदीचे, कुणालाच ओळखत नाहीत, पण सकाळी मिस्सा सुरू झाली की शब्द न् शब्द म्हणतात, असं फादरांनी सांगितलं. भिंतीवर जुन्या जर्मन आणि स्पॅनिश फादरांचे फोटो. मुंबईतलं हे सगळं काम १८५० च्या दशकात जर्मन जेझुइटांनी हाती घेतलं. माझगावचं सेंट मेरीज १८६४ चं, धोबीतलावचं झेव्हियर्स कॉलेज १८६९ चं. पहिलं महायुद्ध झालं आणि इंग्रज सरकारनं या जर्मनांना शत्रू ठरवून आधी स्थानबद्ध केलं, मग मायदेशी पाठवलं. पुढे त्यांच्या जागी स्पेनचे आले. पन्नास-साठ वर्षांत उभं केलेलं सोडून निघायचं, म्हणजे एका माणसाची नव्हे, अख्ख्या मिशनचीच बदली.

फादर म्हणाले, "आमच्यात बदलीचा रिवाज जुना आहे. फ्रान्सिस झेव्हियरचं माहीत आहे ना? हिंदुस्थानात यायचं होतं दुसऱ्याच माणसानं, बोबादियानं. तो तापानं आजारी पडला. झेव्हियरला आदल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी तो रोमहून निघाला. परत कधी गेला नाही."

१५४० सालची ही गोष्ट. १५४२ मध्ये झेव्हियर गोव्यात उतरले आणि १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. त्यांचं शव गोव्यात आहे, दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात. योगायोगानं तेच वर्ष होतं, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. फादरांनी आधीची दर्शनं चुकवली नव्हती. या वेळी डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. माझी भाची गोव्याला गेली होती, तिनं मोबाइलवर पाठवलेले फोटो मी त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा काढून, फोन अगदी नाकाशी धरून पाहिले.

नोव्हेंबर हा त्यांच्याकडे मृतांचा महिना. प्रांतातला कुणी गेला की बाकीचे फादर त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करतात. त्या वर्षी वारलेल्यांची नावं फादर मला सांगत होते, आणि माझ्या पर्समध्ये बँकेचा हयातीचा दाखला होता. आम्ही पेन्शनर लोक नोव्हेंबरात जिवंत असल्याचं सही करून कळवतो. फादरांना हे इतकं आवडलं की त्यांनी व्हरांड्यातल्या सगळ्यांना इंग्रजीतून सांगितलं. हसू थांबेना.

बोलता बोलता फादर स्टॅन स्वामींचा विषय निघाला. ते जमशेदपूर प्रांताचे, झारखंडच्या आदिवासींमध्ये काम करणारे. ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. तळोजाच्या तुरुंगात होते. कंपवातानं हात थरथरायचे, म्हणून पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर कोर्टाकडे मागावा लागला. जामिनाचा अर्ज कोर्टात असतानाच ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात गेले. वय ८४. त्यांच्याबद्दल आमचे फादर जास्त बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याची बदली कोणी केली ते मला अजून कळलेलं नाही."

आता मुख्य गोष्ट. प्रांताचा दर वर्षी एक कॅटलॉग निघतो. छोटं पुस्तक. घरवार सगळ्यांची नावं आणि नावापुढे काम, जुन्या पद्धतीनं लॅटिनमध्ये. कोण प्राचार्य, कोण हिशेबनीस, कोण शिकवतो. फेब्रुवारीत गेले तेव्हा फादरांनी मला नवा, २०२५ चा दाखवला. मी मुद्दाम त्यांचं नाव शोधलं. 'निवृत्त' किंवा 'आजारी' असं काहीतरी असेल असं वाटलं होतं. तिथे होतं 'ओरात', आणि पुढे काही आखूड शब्द. मी अर्थ विचारला.

"चर्चसाठी आणि संघासाठी प्रार्थना करतो. आमच्यात निवृत्त असं काही नसतं. हे काम दिलंय मला."

त्या पानावरच्या बऱ्याच नावांपुढे तेच होतं. त्या कुणालाच न ओळखणाऱ्या फादरांच्या नावापुढेसुद्धा.

खरं सांगायचं तर मला आधी हसू आलं. म्हाताऱ्या माणसाची समजूत काढण्याची चांगली युक्ती आहे, असं वाटलं. मग परतीच्या गाडीत बसल्यावर आठवलं, २००७ साली मी निवृत्त झाले तेव्हा पुढच्या जूनमध्ये शाळेच्या वेळापत्रकात माझ्या तासांपुढे दुसऱ्या बाईंची आद्याक्षरं होती. त्यात चूक काहीच नाही. पण त्यानंतर कुठल्याच कागदावर माझ्या नावापुढे काही काम लिहिलेलं नाही. हयातीचा दाखला तेवढा.

आठवड्यानं फादरांचा फोन. "बाई, कामाला लागलोय. पण दिवसभर नुसतं चर्च आणि संघ किती करणार? नावं द्या कुणाची तरी."

"कुणाची?"

"तुम्ही मागे सांगितलं होतं ना, संपातली मुलं."

मी सांगितलं होतं खरं, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. यांचीही नोकरी त्यातच गेली, पुढची वर्षं घर माझ्या पगारावर चाललं. तेव्हा परळच्या शाळेत माझ्याकडे आठवी ब होती, पटावर ५३ मुलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा १९ आली नाहीत. कुणाला बापानं कोकणात नेलं, कुणी साताऱ्याकडे गेला, कुणी भाजी विकायला बसला. चारपाच जणांच्या घरी मी जाऊन आले. एका खोलीला कुलूप होतं, एका घरी आईनं दार अर्धंच उघडलं. मग माझ्याही घरचं सुरू झालं आणि मी जायचं थांबवलं. ही गोष्ट मी यांनासुद्धा कधी सांगितली नव्हती.

गुणांची ती वही माळ्यावर होती. भाच्याला चढवून काढून घेतली. अशा प्रार्थनेवर माझा विश्वास आहे का, हे कृपया विचारू नका. रोज संध्याकाळी सातला फोन करायचा आणि एक नाव सांगायचं, असं ठरलं. नुसतं नाव नव्हे, मुलाबद्दल आठवेल तेही. एकाचं अक्षर सुंदर होतं. एक डबा आणायचाच नाही आणि खाऊन आलोय म्हणायचा. फादर प्रश्न विचारायचे, बाप कुठल्या गिरणीत होता, भावंडं किती. काही दिवस फोन अर्धा अर्धा तास चालायचा.

२१ एप्रिलला ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पोप फ्रान्सिस वारले, जेझुइटांमधून पोप झालेले पहिलेच. मला वाटलं आज फादर फोनवर यायचे नाहीत. सातला मीच लावला. आवाज बसला होता. "त्याच्यासाठी सगळं जग बसलंय," म्हणाले. "आपलं नाव सांगा."

जून २०२५ मध्ये नवी यादी निघाली. फादर आहेत तिथेच आहेत. उलट जुन्या घरातून एक पार्सल आलं, त्यात 'ख्रिस्तपुराण'. तिथल्या प्रमुखांनी आपणहून पाठवलं होतं. शिक्का आहे तसाच आहे. आता त्या घरच्या लायब्ररीचा दुसरा बसेल, असं फादर म्हणाले.

वहीतली १८ नावं केव्हाच सांगून झाली. राहिला हजेरी क्रमांक ३१. त्या ओळीवर माळ्यावरच्या ओलीनं शाई पसरली आहे, फक्त गुण वाचता येतात, मराठीत ६१. चेहरा आठवतो, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं आठवतं. नाव काही केल्या आठवत नाही. फादरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, नंबर चालेल, पण आठवत राहा.

आठवी ब मधलं कुणी हे वाचत असेल, तर ३१ नंबर कोण होता तेवढं कळवा.