भिंतीवरचा थर

आम्ही कलाशाखेचे, रसायनशास्त्राशी संबंध पावसाळी चपलांपुरता. पण त्या चपलांतल्या पीव्हीसीची जन्मकथा वाचली नि चकित झालो. बंद पात्रात, दाबाखाली, व्हिनिल क्लोराइड पाण्यात घुसळतात. थेंब एकत्र येऊ नयेत म्हणून पॉलिव्हिनिल अल्कोहोल घालतात. हे द्रव्य आणि रवीचा वेग यांवर कणाचा आकार ठरतो: सुमारे दीडशे मायक्रॉन, रव्याहून बारीक. आमच्या आजीला हे उफराटेच वाटले असते. तिला लोण्याचा गोळा हवा असे. इथे गोळा नको!

कितीही जपले तरी थोडा थर भिंतीला धरतोच. पूर्वी तो खरवडायला माणसे आत उतरत. १९७४ साली अमेरिकेतील लुइव्हिल येथे अशा कामगारांत यकृताचा दुर्मिळ कर्करोग आढळल्याचे जाहीर झाले. पुढे पाण्याचे जोरकस झोत आले, थर धरू न देणारे लेप आले. मी वाचलेल्या पुस्तकात त्या खरवडणाऱ्यांना जेमतेम एक ओळ आहे.